द्वारकाबाईचं थँक्यू

द्वारकाबाईच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा बाहेर पडला तो माझ्या लोणच्यावर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं गल्लीत असं पसरलं की तो मान राजाबाजारच्या कुणा बाईच्या मोरंब्याला मिळाला. साफ खोटं. लोणचं माझं होतं, कैरी माझ्या डोळ्यादेखत फोडलेली, मोहरी माझ्या हातची, आणि वाटीसुद्धा माझीच. ती वाटी घेऊन माझी सून आशा शेजारी द्वारकाबाईकडं गेली होती.

आता आमच्या औरंगपुऱ्याच्या गल्लीत कुणाची वाटी रिकामी परत जात नाही. घरात काही नसलं तर चार हिरव्या मिरच्या, नाहीतर चिमूटभर साखर. अगदीच नड असली तर कढीपत्त्याची काडी. पण काहीतरी असतं. त्या दिवशी वाटी आली ती घासून लख्ख, आणि आत काही नाही. मी वाटी उलटी करून पाहिली. वाटीकडून माझी नजर आशाकडं गेली, तर ही पोर दिवाळीच्या पणतीसारखी उजळलेली.

"आत्याबाई, त्या मला थँक्यू म्हणाल्या."

"काय म्हणाली?"

"थँक्यू. इंग्रजीत. अशी मान तिरकी करून."

"आन् वाटीत?"

"वाटीत काय नाय. पण थँक्यू म्हणाल्या ना!"

मी या पोरीच्या हातात लग्नात सोन्याच्या पाटल्या घातल्या होत्या. तेव्हा तिचा चेहरा असा उजळला नव्हता. तेव्हा म्हणे पाटल्या घट्ट होत्या.

द्वारकाबाईकडं हा शब्द आला कुठून, ते सांगते. तिचा बन्सी छावणीत गोऱ्यांच्या गोदामावर कारकून लागला. बाकीच्यांची पोरं नोकरीवरून येताना धोतरजोडी आणतात, भांडं आणतात. बन्सीनं शब्द आणला. आणि एकच आणला, पण द्वारकाबाई तो अशी वापरायची की जसा काही सबंध विलायतेचा माल तिच्या माजघरात उतरवलाय. हळूहळू गल्लीतली प्रत्येक बाई झाकलेली वाटी घेऊन तिच्या दाराकडं निघालेली दिसायची. कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी थालीपीठ, कुणी खीर. द्वारकाबाई सगळं ठेवून घ्यायची आणि मान तिरकी करायची. तिची चूल पेटायची बंद झाली.

मला चुलीचं दुःख नव्हतं. दुःख वेगळं होतं. माझा रामकिसन जालन्याला सरकीच्या दुकानावर, सणाला येतो. आमचे हे दिवसभर तहसिलीत. घरात दुपारी आम्ही दोघीच. आशा माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडायची आणि माहेरच्या, बिडकीनच्या गोष्टी सांगायची: कुणाची म्हैस कुणाच्या वाड्यात शिरली, आणि मग कोण कोणाशी बोलत नाही. मी ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकायची. त्या गोष्टी आता भिंतीपलीकडं जायला लागल्या. म्हशीची नवी गोष्ट मला भिंतीतून कळली. भिंतीला कान लावायची मला सवय नाही. भिंतच पातळ आहे, त्याला मी काय करू? म्हैस पकडली गेली की नाही ते मात्र ऐकू आलं नाही, कारण नेमकं तेव्हा पलीकडं थँक्यू झालं आणि दोघी हसल्या.

त्या दिवशी मी ठरवलं. हा शब्द आपल्या घरात आला पाहिजे. आणि द्वारकाबाईकडं मागायला जाणार नाही. मी तिच्याकडून विरजण मागितलेलं नाही आजवर, शब्द काय मागते!

सुरुवात घरातून केली. आमचे हे तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकूनच. उर्दू अशी लिहितात की अक्षर बघत राहावं. मी विचारलं, "थँक्यू म्हणजे काय, आन् ते कधी म्हणायचं?"

हे म्हणाले, "आमच्या दफ्तरात सगळा कारभार उर्दूत. त्या शब्दाचा आमचा संबंध नाही."

"मग संबंध लावा. उद्या साहेबांना म्हणून बघा, काय होतं ते मला येऊन सांगा."

यांना माझा स्वभाव माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पेशकारसाहेबांनी यांच्यापुढं जमाबंदीच्या कागदांचा बस्ता टाकला. यांनी मान तिरकी करून थँक्यू म्हटलं. पेशकारसाहेब थबकले. सबंध नोकरीत, काम अंगावर पडल्यावर आनंदणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि शेजारच्या अहलकाराचा बस्ताही यांच्यापुढं सरकवला. हे घाबरले, आणि घाबरल्यावर माणसाच्या तोंडून नवा शब्दच आधी निघतो. परत थँक्यू. मग तिसरा बस्ता आला.

संध्याकाळी हे तिन्ही बस्ते घेऊन हमालासारखे घरी आले. मी म्हटलं, परत करा की. तर म्हणे बस्ते परत करायचे तर दरख्वास्त द्यावी लागते, दरख्वास्त पेशकारसाहेबांमार्फतच पुढं जाते, आणि तीत कारण लिहावं लागतं.

"आता कारण काय लिहू?" हे म्हणाले. "बायकोच्या शेजारणीला इंग्रजी येतं म्हणून?"

त्यानंतर हे जेवायलाही बस्त्यांच्या आडून हात काढायचे. तेव्हा घरातला मार्ग बंद झाला.

समोरच्या दारात गयास मुन्शी राहतात. अदालतीत वकिलाकडं मुन्शी आहेत. त्यांना काही विचारलं की ते आधी पानदान जवळ ओढतात, म्हणजे वेळ लागणार हे समजावं. मी आमच्या ओसरीवर, ते त्यांच्या ओट्यावर, मधून गल्ली. असं बोलणं झालं.

"भाभी, लफ्ज बुरा नाही," मुन्शी म्हणाले. "आमच्यात शुक्रिया म्हणतात, तेच. पण फरक आहे. शुक्रिया बोलताना हात छातीवर जातो. थँक्यू बोलताना हात जिथल्या तिथं राहतो."

"म्हणजे हलकाच शब्द म्हणा की."

"हलका नाही, आटोपशीर. पण माझा सल्ला ऐका, गरज नसताना बोलू नका. गवाह जास्त बोलला की मुकदमा बिघडतो."

मला गरज होती की नव्हती हे मुन्शींना काय माहीत! पण त्यांच्याकडं त्या वेळी त्यांचा लांबचा भाऊ सरदार आला होता. हा छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. त्याला शब्द रोज ताजा ऐकायला मिळायचा. त्याला मी गल्ली ओलांडून आमच्या ओसरीवर बोलावलं आणि चहा पाजला. आशा चहा ठेवून आत गेली.

सरदार म्हणाला, "अम्मा, उनके घर में तो दिनभर येच चलता. चाय दी, थँक्यू. दरवाजा खोला, थँक्यू. और लो बोले, तो नक्को बोलने कू भी थँक्यू."

"नको म्हणताना बी?"

"हौ. नो थँक्यू."

मला हे पटेना. आमच्याकडं नको म्हणायचं तर पानावर हात आडवा धरावा लागतो, शपथ घालावी लागते, उठून पळावं लागतं, आणि तरी एक पुरणपोळी पानात पडतेच. हे लोक एका शब्दात सुटतात. म्हणूनच त्यांच्याकडं बारीक माणसं असतील.

"आन् मडम साहेबाला काय म्हणते?" मी विचारलं.

"थँक्यू."

"नवऱ्याला?"

"हौ. और साहब मडम कू. और दोनों मिलके कुत्ते कू."

झालं. मला पाहिजे होतं ते मिळालं. म्हणजे शब्द घरच्या घरात चालतो. द्वारकाबाई शेजारणीला म्हणते; मी सुनेला म्हणणार. तिच्या पुढची पायरी.

तरी मी उतावळी नाही. आधी गवळ्यावर प्रयोग केला. आमचा गवळी दुधात पाणी घालतो, आणि रोज सकाळी मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. असा आमचा कारभार सुखानं चाललेला. त्या सकाळी त्यानं माप ओतलं, मान खाली घालून उभा राहिला, आणि मी फक्त म्हटलं, "थँक्यू."

गवळी जागचा हलेना. "बाई, काय चुकलं का?"

"काय नाय चुकलं. जा."

"मग बोला की काहीतरी."

"बोलले ना. थँक्यू."

तो गेला, पण वळून वळून बघत. दुसऱ्या दिवशी दूध असं आलं की भांड्याला साय धरली. शब्दात एवढी ताकद! मला वाटलं, उगाच नाही या लोकांनी अर्धं जग घेतलं.

मग मी आशाकडं वळले. द्वारकाबाई भेटीला एक थँक्यू म्हणत असेल तर मी प्रत्येक घासाला म्हणेन. कंजूषपणा आमच्या घराण्यात नाही. आशानं भाकरी वाढली. मी मान तिरकी केली, थँक्यू म्हटलं. ठेचा वाढला, थँक्यू. पाणी दिलं, थँक्यू. आशाचा हात तांब्यावरच राहिला.

"आत्याबाई, बरं नाय का तुमाला?"

"चांगलं बरं हाय. थँक्यू."

संध्याकाळी ती माझ्या पायाला तेल लावायला बसली. रोजच बसते. मी रोज म्हणते, जरा जोर लाव, माहेरी जोर ठेवून आलीस का. त्या दिवशी तसलं काही बोलले नाही. तेल जिरलं, मी पाय मागं घेतले आणि म्हटलं, "थँक्यू, आशाबाई." आशाबाई असं मी माझ्या मनानं जोडलं, शोभा यावी म्हणून.

ती तेलाची वाटी घेऊन उठली आणि आत गेली.

पुढं ती शेजारी जाईनाशी झाली. मी मनात म्हटलं, औषध लागू पडलं. दुपारी ती माझ्याजवळ तांदूळ घेऊन बसायची, पण म्हशी नाहीत, माणसं नाहीत, काही नाही. खाली मान घालून खडे वेचायची. मी एकदा विचारलं, "त्या म्हशीचं काय झालं?" ती म्हणाली, "कुठली?" आणि आत गेली. मला वाटलं, एवढ्या मानानं पोर बावरली असेल. होईल सवय.

गुलमंडीच्या बाजारानंतर दोन-चार दिवसांनी, कचेऱ्यांना सुट्टी होती त्या सकाळी, आमच्या दारात छकडा उभा राहिला. बैलांच्या गळ्यात घुंगरं, आणि धुरेवर आशाचे वडील पुंजाराम, पटका बांधलेले, चेहरा तापलेला. बिडकीनहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडं आशानं निरोप धाडला होता: अण्णा, गाडी घेऊन या, आत्याबाई माझ्याशी परक्यासारखं वागाय लागल्यात.

पुंजाराम ओसरीवर बसले. आशानं पाणी आणलं, त्यांनी तांब्या बाजूला सारला.

"विहीणबाई, पाणी मागनं. आदुगर सांगा, माझ्या लेकीला तुमी काय म्हणलात?"

"वाईट काय म्हणलं नाय. थँक्यू म्हणलं."

"ते मला बी कळलं. किती डाव?"

"आता ते कोण मोजतं!"

पुंजाराम ओसरीचा खांब धरून उठले. ओसरीवरून गल्लीभर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. "माझी पोर तुमच्या घरात राबती ती घर तिचं हाय म्हणून. तिनं भाकर वाढली की तुमी लगेच जागच्या जागी फेड करताव? म्हंजी उद्या कुणी म्हणाय नको की सुनेचं काय देणं राह्यलं? असं तर धर्मशाळेत करतात!"

 मी म्हटलं, "मुन्शीजींना विचारा. कायद्याचा माणूस हाय."

गयास मुन्शी ओट्यावरूनच खाकरले. आमचे हे तीन बस्त्यांच्या मागून डोकं वर काढून बघत होते. ते यांनी परत खाली घातलं. मुन्शी म्हणाले, "पुंजारामजी, लफ्ज बेकसूर आहे. थँक्यू म्हणजे शुक्रिया. यात तौहीन, बेइज्जती काही नाही."

"शुक्रिया तरी घरात कोण म्हणतं?" पुंजाराम म्हणाले. "तुमी म्हणताव का तुमच्या घरात?"

मुन्शींनी पानदान उघडलं. पण पडद्यामागून त्यांच्या बायकोचा, अनवरीबींचा आवाज आला.

"आज तक एक बार नहीं बोले. जिस दिन बोलेंगे ना, हकीम कू बुलाऊँगी."

गल्ली हसली. गल्ली केव्हा जमली होती ते मला कळलं नव्हतं. आणि त्या गर्दीतून, जरीच्या काठाचा पदर सावरत, द्वारकाबाई पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. लग्नालासुद्धा ती एवढी नटून येत नाही.

"साळूबाई," ती म्हणाली, "राग नका मानू, पण थँक्यू म्हणायला जीभ तशी लागते. आणि कुणाला म्हणायचं, किती म्हणायचं, ते बी कळावं लागतं. आमचा बन्सी म्हणतो, जास्त झालं की त्याची चव जाते."

म्हणजे माझ्याच ओसरीवर, माझ्याच व्याह्यांच्या देखत, ती मला मिठाचं प्रमाण सांगत होती. मी दात आवळले. पण तिचं संपलं नव्हतं. ती आशाकडं वळली.

"चल गं आशा, तुझा बाप निवांत होईस्तोवर माझ्याकडं बस. थंड पाणी पी. माझ्या घरात तुला कोण परकी म्हणणार नाय."

आशा आतून ट्रंक घेऊन आली. निळी, लग्नातली. तिनं ती खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. लग्न लागल्या दिवशी ठेवलं होतं, अगदी तसं. डोकं उचललं तेव्हा माझ्या पायावर ओलं लागलं. ती उठली. तिनं ट्रंकेची कडी धरली. डावीकडं बापाचा छकडा, उजवीकडं द्वारकाबाईचं दार, आणि ही पोर दोन्हीकडं बघते आहे. माझ्याकडं बघत नाही.

मग माझं डोकं फिरलं.

"ए बये! ट्रंक कुणाला इचारून भरलीस? चुलीवर डाळ ठेवलीय ती कोण बघणार, तुझा बाप? रडती कशाला? रडून रडून पदर ओला केलास, धुवायचा कुणी? आमटी करती ती पाण्यावानी, भाकरीला पदर सुटत नाय, सुपातनं निम्मं धान्य अंगणात सांडतीस, चिमण्या पोसल्यात नुसत्या! बांगड्या वाजवत फिरती सगळ्या घरात, मला झोप म्हणून नाय. आन् आता निघाली? मग दुपारभर मी काय ऐकू, भिंत? त्या म्हशीचं सांग आदी! म्हैस घावली का नाय घावली, ते न सांगता जाती कुठं?"

 मला दम लागला. आता ही छकड्यात चढणार, मी मनात धरलं.

आशानं नाक पुसलं. ट्रंकेची कडी सोडली नाही, पण माझ्याकडं बघितलं.

"भाकरीला पदर सुटतो," ती म्हणाली.

"काल कुठं सुटला?"

"काल पीठ जुनं होतं. मी म्हणलं होतं तुमाला, तुमी म्हणलात चालतंय."

"उलट बोलती मला?"

"व्हय," आशा म्हणाली, आणि ट्रंक उचलून आत घेऊन गेली. बांगड्या वाजवत गेली. आतून ओरडली, "डाळ लागली की हो सगळी!"

पुंजारामांनी मांडीवर थाप मारली. "हां! आता घर वाटतंय. विहीणबाई, आणा ते पाणी."

द्वारकाबाई अजून तिथंच उभी होती. "अगंबाई, सुनेला कुणी एवढं बोलतं का?" ती दाराकडं बघून म्हणाली.

आतून आशाचा आवाज आला, "आमच्यात बोलतात!"

कुणी आमच्यात म्हटलेलं मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गोड लागलं. पुंजाराम लागलेली डाळ पोटभर जेवले, नावं ठेवत जेवले, आणि मोकळा छकडा घेऊन गेले. म्हैस सापडली होती; कुणाच्यातरी गोठ्यात दुसऱ्या नावानं राहत होती. ते सगळं मी त्या दुपारी ऐकलं, पहिल्यापासून.

माझ्या घरात तो शब्द मी पुन्हा उच्चारला नाही. गवळ्याचं दूध पाण्यावर आलं, माझं तोंड सुरू झालं, दोघांना बरं वाटलं. यांचे बस्ते तेवढे राहिले. दरख्वास्तीत लिहायला कारण अजून सापडलेलं नाही.

आता सगळं मिटलं म्हणून सांगायला पाहिजे, पण खोटं कशाला लिहू? काल आशा शेजारी धपाटे द्यायला गेली. मी ओसरीवर होते. द्वारकाबाईनं दार उघडलं, ताट घेतलं, मान तिरकी केली. आणि आशाचा चेहरा उजळला. तसाच. पणतीसारखा. अंगणाच्या या टोकावरून मला दिसला. छातीत जे जळायचं ते जळलंच. दोघी दारात बोलत उभ्या राहिल्या. आशा हातवारे करून काहीतरी सांगत होती, बहुतेक म्हशीचं, आणि द्वारकाबाई हसत होती.

मी ओरडले, "आशे! अगं दूध उतू चाललंय!"

चुलीवर दूध नव्हतं. चूलसुद्धा विझलेली होती. आणि हे आशाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, कारण सकाळी दूध तापवून, निववून, विरजण लावून, फडताळात ठेवलं होतं ते तिनंच.

द्वारकाबाईचं बोलणं अर्ध्यात तोडून, पदर खोचत, ती पळत आली.